एका अक्षराचा खाना

—नाई, घरी नाई जयवंता. आणि असती तरी मी तिले हाक मारली नसती, हे आधीच सांगून टाकते, लक्ष्मणराव, म्हणजे तुमाले सारखं जिन्याकडे पाहाचा तरास नको. बसा. त्या स्टुलावर नका बसू, त्याचा पाय हालते — बाकावर बसा. पाणी घ्या. नागपूरहून कोणत्या गाडीनं आले? पॅसेंजरनं? अजून पॅसेंजरच? मले वाटलं इंजिनीयर लोक आता एक्सप्रेसशिवाय हालत नसतीन. आणि हे काय आणलं — संत्र्याची बर्फी? ठेवा तिकडे. गोड खाऊन विसरणारी बाई नोहे मी.

काय म्हणता? फाईल? नागपूरची फाईल अडली? अगबाई! तुमची फाईल? जिच्यात मुंगीले शिरायले जागा नव्हती ती? — हळू सांगा, मले समजते, मी काही अडाणी नाई. गोत्राचा खाना ठेवायचा राह्यला. टेलिफोनचा राह्यला. आता एक खाना वाढवायचा तर पहिल्यापासून साऱ्या ओळी नव्यानं टाका, न् त्या वाचणारा प्रोग्रामही नव्यानं लिहा. आणि मंडळ म्हणते एका महिन्यात पाह्यजे. म्हणून आता जयवंताची पद्धत आठवली. दोन वर्षांनी! नागपूर ते वर्धा, अर्ध्या दिवसाचा बी रस्ता नाई, न् तुमाले दोन वर्षं लागले. मग आता ऐकूनच जा. ती तुमाले काही सांगणार नाई, ती कोणालेच काही सांगत नाई. नणंद माही आहे, म्हणून सांगायचं काम माह्याकडे आलं.

मंडळाले कोणत्या घडीले सुचलं देव जाणे. सत्त्याऐंशीच्या सभेत नानाजी उभे राह्यले — आपले अध्यक्ष, बोलायले लागले की माईक गरम होते पण ते थंड नाई होत — म्हणाले, आता समाजाचे लग्नं कॉम्प्युटरवर जमतीन. टाळ्या! अर्ध्या लोकांले वाटलं कॉम्प्युटर म्हणजे कोणी पुण्याचा भटजी आहे. वर्ध्यात ओळखीचं मशीन एकच, जिनिंगच्या हापिसातलं, कापसाच्या कामाचं, न् त्याच्यावर बसणारी जयवंता. तिले कोणी विचारलं नाई, करशीन का म्हणून. करशीनच, असं धरलं. बी. एस्सी. गणित झालेली पोरगी, नागपुरात वर्षभर कोर्स केलेली, रोज गाडीनं जाऊन-येऊन, पायात ते लोखंडी कॅलिपर घालून, डब्यात कोणी जागा दिली तर दिली, नाई तर दाराशी उभी — तिले कायचं विचारायचं? नानाजीनं मशीनले हार घातला. नारळ तर टेबलावरच फोडत होते, ती ओरडली म्हणून उंबरठ्यावर फोडला. टेबलावरच फोडू दिला असता तर तिथंच सारं आटोपलं असतं.

नागपूरचं काम तुमच्याकडे आलं. तुमचं मशीन एका कंपनीचं, हिचं दुसरीचं. इकडची फ्लॉपी बसनं तिकडे जाणार, तिकडची इकडे येणार, न् दोन्ही मशीनले एकमेकांचं वाचता आलं पाह्यजे — म्हणजे एका माणसाची माहिती ओळीत मांडायची कशी, ते आधी ठरवा लागते. आता हे मले काऊन माहीत? अहो, चार महिने माह्या डोक्यावर, त्या वरच्या खोलीत, तुम्ही दोघं हेच तर दळून राह्यलते! दर रविवारी. सकाळच्या पॅसेंजरनं यायचे न् दिवेलागणीले जायचे. खाली गिऱ्हाईक विचारे, प्रमिलाबाई, वर भांडण आहे का? मी म्हणो, नाई, वर समाजाची सोयरीक चालू आहे.

तुमचं म्हणणं काय — साऱ्यांले सारखीच ओळ. नावाले वीस अक्षरं, गावाले दहा, वयाले दोन, उंचीले तीन, रंगाले एक, आणि शेवटी व्यंग, त्यालेही एक. व्यंग असलं तर वाय, नसलं तर एन. नाव लांबलं तर कापा, आखूड पडलं तर मोकळी जागा भरा. मशीनले वाचायले सोपं, म्हणे! मशीनची केवढी काळजी! समुद्रपूरच्या एका पोराचं आडनाव तुम्ही असं कापलं की जे उरलं ते चारचौघात म्हणता येत नाई — त्याचा बाप भांडायले कुठी आला? नागपूरले? इथं आला, माह्या दुकानात, हातात छत्री घेऊन. मग मधात तुमचंच आलं, स्वल्पविराम टाकू. एक गोष्ट संपली की स्वल्पविराम, मग दुसरी. ठीक. पण नानाजीचा पत्ता पाह्यलता का? मारुतीच्या देवळामागं, पिंपळाच्या डाव्या हातानं, मेन रोड, सेलू. मशीननं पिंपळ वयात घातला न् मेन रोडले उंची समजलं! त्या रविवारी जयवंता अशी हसली, अशी हसली, की मी पोळी तव्यावर सोडून जिन्यात आली — मले वाटलं पडली का काय ही. तुम्हीही हसत होते. तेवढं मान्य करते. तेवढंच.

आणि तिचं म्हणणं एका वाक्याचं. जे लिहायचं त्याच्या आधी त्याचं नाव लिहा. ‘गाव’ लिहा, मग हिंगणी. ‘शिक्षण’ लिहा, मग जे असन ते, लांब का आखूड. ज्याले जे सांगायचं नाई त्यानं सोडून द्यावं, ज्याले जास्ती सांगायचं त्यानं नवं नाव देऊन सांगावं. उद्या कोणी आणखी काही विचारलं तर जुन्या ओळीले हात नाई लावा लागत. मले तर तेव्हाच पटलं. हे पाहा माह्या मागचे खाने — लेसचा केवढा, टिचबटनाचा केवढा, साऱ्यांवर चिठ्ठ्या. सारखे केले असते तर लेस कापून भरा लागली असती. पण तुम्ही म्हणाले, जागा वाया जाते. तुमच्या पद्धतीनं एका फ्लॉपीत दोन हजार माणसं बसतात, म्हणे, न् जयवंताच्या पद्धतीनं पाचशे. दोन हजार! आपल्या समाजात लग्नाचे पोरं-पोरी दोन हजार आहेत कुठी हो? गोंदियापासून यवतमाळपर्यंत सारे धरा, लग्न झालेले धरा, वारलेले धरा, तरी भरत नाई. रिकाम्या जागेसाठी एवढं भांडणारा माणूस मी नाई पाह्यला. पण मनात म्हणलं, भांडतीन. भांडू दे. भांडणाऱ्याले बोलता तरी येते.

मग ती सभा. नानाजीच्या घरी, ठरवायले. तुम्ही कागद पसरला, पट्टीनं रेघा मारल्या, सुंदर खाने आखले — हात चांगला आहे तुमचा, नाई कोण म्हणते. मंडळाचे बबनराव, किसनराव, सारे टोप्या घालून वाकून पाहून राह्यलते जसं काही धरणाचा नकाशा आहे. जयवंता दाराजवळच्या खुर्चीवर होती, मी तिच्या मागं. ती म्हणाली, शेवटचा खाना एका अक्षराचा नको. कोणाचा डोळा अधू असन, कोणाच्या अंगावर डाग असन, कोणाले फिट येत असन, तुम्ही साऱ्यांले एकच वाय लावून राह्यले. त्यातनं समजणार काय? बबनराव म्हणाले — मिशीत हसून म्हणाले — व्यंगाचं काय पुराण लिहायचं आहे का, बाई? सारे हसले. हसू द्या, त्याह्यले काय. पण ती हसणाऱ्यांकडे पाहतच नव्हती. तुमच्याकडे पाहून राह्यलती. म्हणाली, लक्ष्मणराव, माह्या नावापुढे काय टाकू?

आठवते का काय बोलले? — नाई, आता पाण्याचा गिलास तोंडाले लावू नका, ऐका. तुम्ही कागदावरची पट्टी उचलली नाई. मान वर केली नाई. म्हणाले, ‘वाय. तांत्रिक बाब आहे ती.’ न् पुढची रेघ मारली.

घरी आली, जेवली. भात मागून घेतला. मग कॅलिपर काढून त्याच्या चामड्याच्या पट्ट्यांले तेल लावत बसली, एकेक पट्टा, एकेक पट्टा. रडली असती तर मी जवळ तरी गेली असती. दुसऱ्या दिवशी आमचे हे म्हणाले — तिचा सख्खा मोठा भाऊ, मनानं चांगला माणूस, पण बोलायची वेळ चुकते — म्हणाले, तू एन टाकून दे, पुढचं पुढे पाहू. ती म्हणाली, दादा, मी चालत घरात येईन तेव्हा पाहायले आलेल्यांले कॅलिपर ऐकू येईनच ना. आणि टाकला वाय. तुमचं ठरलं ते ठरलं. मोडता घालणारी पोरगी नाई ती. सारा पावसाळा तेच काम. हापिस सुटल्यावर बसायची न् वाय, एन, एन, वाय. हिंगणीची सीताबाई पोरीले घेऊन आली, शकुले. उजवा हात लहानपणी भाजलेला, पदराखाली घेऊन बसलेली. सीताबाई म्हणे, बाई, काय लिहितेस माह्या पोरीचं? जयवंतानं त्याह्यले दिसू नये म्हणून स्क्रीन फिरवली. म्हणाली, एकच अक्षर आहे, मावशी. सीताबाईले बिचारीले बरं वाटलं, म्हणे चला, एकच आहे.

आणि तो वधू-वर मेळावा! धर्मशाळेत मांडव, लाउडस्पीकर, तुमचा तो प्रिंटर कापडाखाली झाकून आणलेला, नवऱ्यामुलासारखा. कडकड कडकड कागद निघून राह्यलते न् लोक टाचा उंच करून पाहत होते. पण मले एक सांगा, आज तरी खरं सांगा — साऱ्या वायच्या जोड्या वायशीच लावायचं कोणाचं डोकं? — नानाजीचं? नानाजीले मशीनचं बटन नाई सापडत! बरं, नानाजीनं सांगतलं. लिहिलं कोणी? वायसमोर वाय आलं की जोडी, हे मशीनले कोणी शिकवलं? एका अक्षराच्या खान्यात दुसरं काय मावणार होतं, म्हणा. माईकवर पुकारा झाला — तानबा, समुद्रपूर, जयवंता, वर्धा. तानबा म्हणजे तो घड्याळाच्या दुकानवाला, देखणा माणूस, स्वच्छ शर्ट, पहिल्या रांगेत बसलेला. जागचा हालेना. पुन्हा पुकारलं. पुन्हा पुकारलं. लोक हसायले लागले — लाजला, लाजला! अरे, त्याले ऐकूच येत नाई, तर उठन कसा? मागून जयवंता उठली. खुर्च्यांच्या मधातनं, कॅलिपरचा तो खाड-खाड आवाज, न् हसणं हळूहळू विझत गेलं. तानबाच्या खांद्याले हात लावला, त्याले बोटानं स्टेज दाखवलं, मग स्वतः वर चढली. नानाजीच्या हातातला माईक घेतला. म्हणाली, ह्याह्यले ऐकू येत नाई, हे तुमच्या ओळीत नाई. मले चालायले तरास होते, हेही नाई. तुमच्या ओळीत आम्ही दोघं सारखे आहोत. माही ओळ काढून टाका. एवढंच बोलली, आवाज न चढवता. तुम्ही प्रिंटरपाशी होते. मी पाह्यलं — कागद संपला होता न् तरी तुम्ही त्याच्याकडेच पाहून राह्यलते.

तुमच्याकडची गोष्ट तिथं संपली असन. इकडे नाई संपली. त्यानंतर दर सुटीले ती बसमध्ये बसली — सेलू, समुद्रपूर, हिंगणी, कुठी कुठी. मीही गेलती बरेचदा, दुकान बंद ठेवून. घरोघरी जाऊन एकच विचारायची : तुमच्याबद्दल कसं लिहू? लोकांले बोलताच येईना पहिले! कोणी असं विचारलंच नव्हतं. शकुनं पदराखालचा हात बाहेर घेतला, म्हणाली, लिहा — उजवा हात भाजला आहे, शिलाई डाव्या हातानं शिकली, आता दोन्ही हातानं करते. जयवंतानं ‘हात’ असं नाव टाकून तस्संच्या तस्सं लिहिलं. तानबानं तर पेन घेऊन स्वतःच लिहून दिलं : ऐकू येत नाही, समोरून बोलावे, भांडायचे असले तरी समोरूनच. आम्ही दोघी बसमध्ये हसत आलो. सारी फाईल नव्यानं केली तिनं, न् फ्लॉपी पुठ्ठ्यात बांधून तुमाले धाडली. आणि तुमच्याकडून आलं काय? एक कार्ड. ‘फाईल वाचता येत नाही. ठरलेल्या पद्धतीने पाठवावी.’ खाली सही. नानाजीनं तिले मंडळातनं काढलं. म्हणे, पोरीनं मंडळाले डावलून काम केलं. लोकांनी काय केलं, माहीत आहे? नानाजीकडे जायचं सोडलं न् तिच्याकडे यायले लागले. शकुचं झालं यंदाच्या वैशाखात, सेलूचं घर, पोरगा धडधाकट, धान्य-गल्ल्याचं दुकान. पाहायले आले तेव्हा सासू म्हणाली, हात दाखव बाई, न् त्यावरची कशिद्याची बाही पाहत बसली. तानबाचंही चालू आहे एके ठिकाणी. मंडळाची एक पावती नाई, एक हार नाई.

तिची? तिची स्वतःची ओळ? — नाई. तिनं टाकलीच नाई. मी मागं लागली ना, म्हणलं, साऱ्या जगाचं लिहितेस, तुहं लिही. काय म्हणाली सांगू? म्हणाली, वहिनी, ज्यानं वाचावं असं वाटत होतं त्याले दाखवून झालं.

काय ‘कोण’? कोण म्हणता! अहो, शनिवारी रात्री केस धुवून ठेवणारी पोरगी कोणासाठी ठेवे? खान्यांसाठी? ज्या पोरीनं जन्मात चुलीशी उभं राहाचा हट्ट केला नाई, पाय भरून येते म्हणून, ती सकाळपासून उभी राहून, कोथिंबीर चिरून सांबारवडी करे, मले हात लावू देत नव्हती — ते काय मंडळासाठी? तुम्ही चार-चार खाऊन म्हणायचे, छान झाली वहिनी, न् मी मान डोलवो. माही नव्हती ती! तुमचं पटत होतं तिले, लक्ष्मणराव. पहिल्याच महिन्यात पटलं होतं, सारख्या ओळी मशीनले सोप्या, जागा कमी लागते, सारं. मले रात्री सांगे, वहिनी, त्याह्यचं बी खरं आहे. मग भांडत काऊन होती? कारण पटलं म्हणलं की काम संपन. न् काम संपलं की रविवारची पॅसेंजर —

नाई. काही नाई. काहीच बोलली नाई मी. दिवसभर गिऱ्हाईकांशी बोलून तोंडाले वळण राहत नाई बाईच्या. तुम्ही काही ऐकलं नाई, समजलं? आणि चष्मा कायले काढून राह्यले? लावा तो. असं पाहू नका माह्याकडे. मी काही ती नोहे. फाईलसाठी आले होते ना? फाईलचं जिनिंगच्या हापिसात पत्र टाका, साहेबाच्या नावानं, ती देईन, तिच्या स्वभावात अडवणं नाई. पण पत्रच टाका. तिथं जाऊ नका.

काय? थांबतो म्हणता? ती येईपर्यंत? नाई. सांगतलं ना, नाई! तिनं दोन वर्षांनी परवा कुठी निळं पातळ घातलं, परवा कुठी ती पोरींसोबत सिनेमाले गेलती न् मध्यंतरात चणे खाल्ले म्हणून घरी येऊन सांगत होती, असं सांगत होती जसं काही — नाई, लक्ष्मणराव. मी तुमच्या पाया पडू का? पायरी सांभाळून उतरा. रस्ता सरकारचा आहे, तिथं कोणी उभं राह्यलं तर मी काय करणार. पण माह्या दुकानात नाई, माह्या बाकावर नाई. आणि ती बर्फी उचला, उचला ती —

या मनकर्णाबाई, या. परकराची नाडी ना? पांढरी का रंगीत? बसा ना, बाक मोकळाच आहे. हे निघूनच राह्यले.